शिमग्यातलं गाऱ्हाणं

शेजारच्या मिरजोळ्याकडून शिमग्याच्या ढोलाचा आवाज आला की लोक धावत घरापुढच्या खळ्यात येतात. माझं मात्र डोकं फिरतं. त्या वर्षी आईला स्तनाचा कॅन्सर होता, दोन केमो झाल्या होत्या, आणि घरात माझं लग्न ठरत होतं. म्हणून बाबांनी बजावलं होतं, ‘पोरीचं जमेपर्यंत गावात चकार शब्द काढायचा नाय.’ देवीची पालखी आमच्या सारवलेल्या खळ्यात टेकली. अबोलीच्या वेण्या, गुलाल, फोडलेले नारळ, सगळ्यांचा मिळून एक गोडसर वास सुटला होता. केस गेलेल्या डोक्याला बांधलेल्या स्कार्फवरून पदर घेऊन आई ओटी भरायला आली. मानकऱ्यांनी घराच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. कलमांचा मोहर टिकू दे, पोरीचं लग्न निर्विघ्न होऊ दे, अगदी गाभण म्हशीलाही सांभाळ. प्रत्येक मागण्याला सगळे एका सुरात ओरडत होते, ‘व्हय महाराजा!’ आईचं नाव कुठेच आलं नाही. गाऱ्हाणं संपलं तशी आईने पदरासकट स्कार्फ ओढून काढला आणि पालखीतल्या देवीला मोठ्याने म्हणाली, ‘आणि बाये, मला कॅन्सर झालाय. म्हशीनंतर तरी माझ्याकडे बघ.’ बाबा हातातल्या नारळाची शेंडी कुरवाळत राहिले. ‘व्हय महाराजा’ म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही. आई ओटी हातात धरून त्या होकाराची वाट बघत उभी राहिली. बाबांवर, त्या सगळ्या गर्दीवर मी आजही संतापते, दर शिमग्याला नव्याने संतापते. पण आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.