रानडुकरावर पहिला वार कोणाचा

राज्य नवं होतं आणि रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. माझा नवरा आणि धाकटा दीर सरकारी क्वार्टरांच्या बांधकामावर सेंट्रिंग करायचे. काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि पावसाळा आला की बंद पडायचं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलांमध्येही चार महिन्यांसाठी कोणी माणूस घेत नसे. पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण होतो. ते चार महिने आम्ही धरून, मारून आणलेलं खायचो.

त्याची आखणी माझी. आषाढात पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये बांबूचे सापळे लावायचे; मांगूर आणि टेंगना हे मासे मिळत. श्रावणात नाल्याच्या तोंडाशी जाळं फेकायचं, मरळ. भादव्यात धान पोटरीला आलं की रानडुक्कर. मोटरसायकलवर दोन तासांच्या अंतरावर, जंगलाला लागून एक गाव होतं. डुकरं शेतं लोळवायची, म्हणून गावकरीच निरोप धाडायचे. संध्याकाळी क्लचवायरचे फास लावायचे आणि उजाडल्यावर अडकलेलं जनावर भाल्याने मारायचं. कायद्याने तो गुन्हा होता आणि ते आम्हाला माहीत होतं.

मरळीचं डोकं दगडाने ठेचलं तरी तुकडे परातीत हलत राहतात. डुक्कर माणसासारखं ओरडतं. पहिल्या खेपेला मी ओकले. दुसऱ्या खेपेला मागचा पाय मीच धरला.

गावची रीत अशी की पहिला वार ज्याचा, डोकं आणि काळीज त्याचं. आमच्या घरात ते एकाच पातेल्यात शिजायचं, पण मान ज्याचा त्याचा. त्यावरून एकदा दोघे भाऊ अडकलेलं डुक्कर तसंच सोडून एकमेकांना भिडले आणि नवऱ्याने दिराचा दात पाडला. मग मी पाळ्या ठरवल्या आणि कॅलेंडरच्या मागे लिहून काढल्या. दोघांनी मानल्या. त्यानंतर भांडण झालं नाही, याचा मला अभिमान होता.

त्या सकाळी फासात मोठा नर होता. पुढचा पाय अडकलेला. वायरभोवतीची माती त्याने हातभर खणून काढली होती. दीर तीन दिवसांच्या तापातून उठला होता.

"मी मारतो," नवरा म्हणाला. "तुह्या अंगात जीव नाही."

"वा दादा! मोठा दिसला तं तुले पाहिजे?"

"अबे, ते वायर पाह्य. एक एक तार तुटून राहिली."

"मंग भेतं कोन, तू का मी?" दिराने भाला मातीत रोवला आणि माझ्याकडे वळला. "वैनी, तुमीच सांगा. पाळी कोनाची?"

मला वायर दिसत होती. दीर भाल्याच्या आधाराने उभा होता, तेही दिसत होतं. मी म्हटलं, "तुमची आहे, भाऊजी."

त्याने भाला उचलला. वार खांद्याच्या हाडावर बसला आणि घसरला. डुक्कर मागे झालं, वायर तुटली, आणि ते सरळ त्याच्या अंगावर आलं. एकच हिसका. सुळा गुडघ्याच्या वरून मांडीत शिरला आणि वर फाडत गेला. दीर पडला. डुक्कर पुन्हा वळलं तेव्हा नवऱ्याने कुऱ्हाड त्याच्या मानेत घातली. ती अडकली, म्हणून लाथ मारून काढली आणि परत घातली, परत घातली. ते मेल्यावरही तो घालत राहिला. मी ओरडून थांबवलं.

मी साडी फाडून मांडी करकचून बांधली. दिराला मोटरसायकलवर मध्ये बसवलं आणि मागून मी धरलं. वाटेत तो एकच विचारत होता, "पाय राहीन ना, वैनी? परांचीवर चढता येईन ना?"

दवाखान्याच्या दारात नवरा कानाशी म्हणाला, "बैलानं मारलं म्हन. नाही तं दोघंबी जेलात जाऊ."

डॉक्टरने पट्टी सोडली. "किससे लगा?"

"बैल से," नवरा म्हणाला.

"जंगली सुअर था, डॉक्टर साहब," मी म्हटलं. नवऱ्याने माझा दंड इतका आवळला की आठवडाभर वळ राहिले.

डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. "अच्छा हुआ बता दिया. बैल समझ के सिल देता तो अंदर सड़ जाता." जखम उघडीच ठेवून तासभर धुतली. दीर किंचाळला, मग नुसता कण्हत राहिला. पोलीस का आले नाहीत, ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जंगलाजवळच्या गावातला एक म्हातारा बसने घरी आला. पोत्यात डुकराचं डोकं आणि काळीज.

"पहिली वार छोटे भैया के रिहिस," तो म्हणाला. "ओकरेच हक हे." हक्क दिराचाच, असं त्याचं म्हणणं.

"फेक ते," नवरा मला म्हणाला.

मी फेकलं नाही. डोकं जाळावर भाजलं, कुऱ्हाडीने फोडलं आणि शिजवलं. काळीज डब्यात घालून वॉर्डात नेलं. दिराने सगळं खाल्लं.

पाय राहिला. गुडघा मात्र पुरता वाकला नाही. दिवाळीनंतर नवरा एकटा परांचीवर चढायला लागला आणि दीर खाली बसून सळ्या बांधायला.

पुढच्या भादव्यात गावाहून निरोप आला. डुकरांनी धान लोळवलं होतं. दीर म्हणाला, "जाय ना, दादा." दोघेही माझ्याकडे पाहत होते.

मी म्हटलं, "नाही."

त्या वर्षी आम्ही फक्त मासे खाल्ले. ते पुरले नाहीत.