मावशीने निवडलेलं इम्प्लांट

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बीएच्या दुसऱ्या वर्षाला असले, तरी मला सगळी डॉक्टरकी येते असं घरचे धरून चालतात. कॅन्सरमुळे मावशीचा एक स्तन काढावा लागला. त्या जागी इम्प्लांट बसवायचं ठरलं, तेव्हा मुखेडहून नांदेडला सोबत मलाच नेलं.

डॉक्टरबाईंनी टेबलावर दोन नमुने ठेवले. एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात सिलिकॉनचं जेल. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लाजून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. निर्णय मात्र अर्थातच त्यांचा होता.

"टिकाऊ कोणतं हाय? आन् गॅरंटी?" विहिरीवरची मोटार घेतानाही ते एवढे चौकस नव्हते.

"जेलचं जास्त मऊ, खऱ्यासारखं लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग तेच द्या," काकांनी कॅलेंडरला सांगितलं.

मावशीने दोन्ही नमुने दाबून पाहिले. "बाई, फुटलं तर मला कळंल का?"

"पाण्याचं फुटलं की लगेच चपटं होतं, दिसतंच. जेलचं कधी कधी कळत नाही, तपासणी करावी लागते."

"मग पाण्याचंच बसवा. मागं माझ्या गाठीचं समद्या घराला ठावं होतं, मलाच न्हाई. ह्या शिकलेल्या पोरीनं रिपोर्ट वाचून सांगितलं, साधी गाठ हाय म्हणून."

ते खोटं तिच्या भल्यासाठीच होतं. आमच्याकडे बाईपासून जे जे लपवतात, ते तिच्या भल्यासाठीच असतं. डॉक्टरबाईंनी कागदावर मावशीने सांगितलेलं लिहून घेतलं.