हातभर सारवण

इंदूताई गेल्याचं मला शोकसभेच्या पत्रकावरून कळलं. नगरपालिकेच्या दवाखान्यात वीस वर्षं नर्स म्हणून राबलेली बाई आजारी होती, हे पनवेलात कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सभा आहे हे मात्र घरोघर कळवलं. तीन वक्ते बोलले. एकाने 'माउली' म्हटलं, दुसऱ्याने 'सेवेची मूर्ती'. तिसरे आमचे डॉक्टर, ते तर रुमाल काढूनच उभे राहिले. इंदूताई गरोदर बायकांना शिकवत त्या व्यायामाला हेच डॉक्टर 'बायकांचा आखाडा' म्हणत. माणूस मेल्यावर त्याला माउली म्हणायला आपलं काय जातं?

महायुद्ध संपलं त्या साली मला सातवा महिना होता. कंबर आणि जांघेची हाडं अशी दुखत, की कूस बदलताना मी पदर दातांत धरायची. पायरी चढायला पाय उचलत नसे. डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं, सासूबाईंनी सोंग म्हटलं. नेमकं कुठे दुखतं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. ते विचारलं इंदूताईंनी. मुंबईच्या प्रसूतिगृहात शिकून आलेल्या, विधवा, मूलबाळ नसलेल्या. त्यांनी मला गुडघे एकमेकांना चिकटवून कूस बदलायला शिकवलं. मग हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ हळूच वर उचलायची, खाली सोडायची... दहा वेळा, श्वासाबरोबर. आठवड्याभरात मी न रडता उठून बसू लागले.

पण घरंदाज सुनेने ओणवं होऊन पाठ हलवायची म्हणजे सासूबाईंच्या लेखी अब्रूच गेली. तेव्हा इंदूताईंनी शक्कल लढवली. "तिला रोज सकाळी हातभर जागा सारवायला द्या," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तेवढीच. दहा वेळा हात फिरला की उठायचं." सारवणाला कोण नाही म्हणणार? आमच्याकडे व्यायाम म्हणजे चळ आणि काम म्हणजे वळण. ही युक्ती आळीभर चालली. मिठागरावरच्या एका बाईने मात्र इंदूताईंना तोंडावर सुनावलं होतं, "आमी रोजच वाकतो गो बाय. आमाला वाकायचं नको, निजायचं शिकव." इंदूताई हे हसून सांगायच्या, आणि तिला खरोखरच नीट कुशीवर निजायचं शिकवून आल्या होत्या.

आमच्या घरच्या अकलेचं मात्र काय सांगावं... हातभर सारवून गुण येतो तर पडवी सारवून किती येईल, असं सासूबाईंच्या डोक्यात आलं. पडवी झाली, ओटा झाला, मागचं अंगण झालं. तिसऱ्या दिवशी मी शेणाच्या पाटीशेजारीच बसले ती उठेना. डॉक्टर आले आणि त्यांनी सगळं नर्सबाईंवर ढकललं. इंदूताई धावत आल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जिला स्वतःला मूल नाही, तिचं ऐकलं, हेच आमचं चुकलं."

इंदूताई माझ्याकडे वळल्या. "मी किती सारवायला सांगितलं होतं? तू सांग."

मी जमिनीकडे बघत म्हणाले, "मला आठवत नाही."

मला लख्ख आठवत होतं. डॉक्टर आणि सासूबाई निदान अडाणी होते. मी भेकड होते, आणि भेकडपणाला औषध नाही. त्या दिवसापासून आळीतली दारं इंदूताईंना बंद झाली. आपट्याहून बैलगाडीने बायका त्यांच्याकडे येत राहिल्या, आमच्या आळीतल्या मात्र अंथरुणात कण्हत पडल्या. आणि मी? समोरून त्या येताना दिसल्या की जवळच्या दुकानात शिरायची. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी मला हाक मारून अडवलं नाही.

शोकसभेतही मी बायकांच्या बाजूला गप्प बसले. घरी आले, तर त्याच बाळंतपणात झालेली माझी मुलगी, आता पहिल्या खेपेला माहेरी आलेली, पलंगाची कड धरून उभी होती. तीच कंबर, तीच जांघ. आणि त्याच डॉक्टरांचा तोच सल्ला, पडून राहा. मी पदर खोचला, तिला चटईवर निजवलं, आणि शिकवता शिकवता पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई, तू तेव्हा खरं का नाही बोललीस?"

"गुडघे जुळव," मी म्हणाले. "श्वास सोड... आता कूस बदल."