हललेला फोटो

लोकांच्या घरी भिंतीवर आईवडिलांचा लग्नाचा फोटो असतो. आमच्या घरी पोलिसी फोटो आहे. खुर्चीत बसलेला माणूस, मागे भिंतीवर उंची मोजायच्या रेघा, आणि तोंड असं की बघवत नाही. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, कपाळातलं रक्त गालावरून गळ्यात उतरलेलं. नवा पाहुणा आला की आधी नजर चुकवतो, मग हळूच विचारतो, "कोण हो हा? दरोडेखोर होता का?" माझं डोकंच सणकतं. माझा बाप होता तो! जन्मात कुणाला साधी चापट मारली नाही त्या माणसाने.

बाबा पोलीस ठाण्यात फोटोग्राफर होते. फोटो काचेवर निघायचे तो काळ. पकडून आणलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, कॅमेऱ्याचं झाकण काढायचं, एक श्वास आत, एक बाहेर, झाकण लावायचं. तेवढ्यात तो हलला की काच फुकट. हलला की नाही, ते शेजारच्या अंधाऱ्या खोलीत काच धुतल्यावरच कळायचं.

ठाण्याचा नियम होता, आधी फोटो, मग मार. दयामाया म्हणून नव्हे, भलतंच काय! एकदा मारून झाल्यावर एका चोराचा फोटो काढला होता. तो पुढे पळाला, त्याचं सुजलेलं तोंड सगळ्या ठाण्यांत गेलं आणि गालगुंड झालेल्या एका न्हाव्याला धरून लोकांनी बदडून काढलं. साहेबांची शोभा झाली. तेव्हापासून चांगला फोटो हाती येईपर्यंत कैद्याला बोट लावायचं नाही, असा हुकूम होता.

बाबांनी हा हुकूम बरोबर हेरला. अंधाऱ्या खोलीतून बाहेर यायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "हलला. परत बसवा." दुसऱ्या काचेलाही तेच. तोवर कोर्टाची गाडी यायची. कोर्टातून कैदी थेट तुरुंगात जायचा आणि हवालदाराचे हात शिवशिवत राहायचे. दरवेळी नाही जमायचं ते. गाडीला उशीर झाला की आणखी किती वेळा 'हलला' म्हणणार? मग बाबांना भिंतीपलीकडून पट्ट्याचा आवाज ऐकू यायचा, मग ओरडणं, मग ओरडणं बंद झालेलं. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत, असं आजी सांगायची.

अशात एका सकाळी पोलिसांनी माझ्या आईला पकडून आणलं.

आई तेव्हा कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. तिथल्या मुकादमाने एका नव्या पोरीला शिक्षा म्हणून वाफेच्या खोलीत कोंडलं. दार उघडलं तेव्हा पोरीच्या दंडाची साल सोलून आली होती. तर हा मेला हसला! मग मात्र आईने आतून कडी घातली. दोन बायकांनी मागून त्याचे पाय ओढून त्याला पालथा पाडला, आणि आईने तापलेली इस्त्री त्याच्या गालावर ठेवली. ठेवली म्हणजे चांगली दाबून ठेवली. "त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे," आई म्हणायची, आणि तिच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नसायचा.

मुकादम वाचला. त्याला एकटी आईच दिसली होती. पाय कुणी धरले ते पोलिसांना हवं होतं, आणि हवालदाराला ती दोन नावं गाडी यायच्या आत काढायची होती. त्या दोघींपैकी एक तान्ह्या बाळाची आई होती.

"मी सांगितली असती गं नावं," आई मला म्हणाली. "लोकांना वाटतं मी मोठी शूर. मी त्याचा पट्टा बघितला. दुसऱ्या फटक्याला दोघींची नावं ओकले असते, आणि मग जन्मभर स्वतःच्या तोंडावर थुंकले असते."

बाबांनी पहिला फोटो काढला. आत गेले, बाहेर आले. "हलली."

आई म्हणायची, मी दगडासारखी बसले होते. वाटलं, हा फोटोवाला आंधळा आहे की पिऊन आलाय? दुसऱ्या वेळी तिची हनुवटी सरळ करायला बाबा वाकले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "गाडी दुपारी येते. तोवर तुम्ही हलत राहणार आहात."

"ए फोटोवाल्या, ही काय खुर्चीत नाचतेय का?" हवालदार ओरडला.

"घाबरलीय बाई. थरथर थांबत नाही तिची."

काचेमागून काच गेली. आणि इथे बाबांनी अशी चूक केली की मला आजही त्यांचा राग येतो. अहो, कॅमेऱ्याला जरा धक्का द्यायचा होता! फोटो खरोखरच बिघडवायचे होते! पण खोटं बोलायला त्यांची जीभ तयार असायची, हात तयार नसायचा. वाईट फोटो त्या हातातून निघतच नसे. प्रत्येक काच लख्ख उतरली होती आणि त्यांनी ती सवयीने मांडणीवर ओळीने वाळत ठेवली होती.

हवालदाराला संशय आला, त्याने अंधाऱ्या खोलीचं दार लाथाडलं. आत सगळीकडे माझी आई, अगदी पापण्यांच्या केसांसकट.

पहिली काच त्याने बाबांच्या कपाळावर फोडली. दुसरी तोंडावर. बाबा खाली पडले तर केस धरून उठवलं आणि उरलेल्या सगळ्या एकेक करून फोडल्या. मग बूट. एक बरगडी मोडल्याचा आवाज आईने खुर्चीतून ऐकला. डोळ्यात काच गेली तेव्हा बाबा ओरडले, आणि ते ओरडणं सांगताना म्हातारपणीही आई कानांवर हात ठेवायची. कॅमेऱ्याला त्याने हात लावला नाही. कॅमेरा सरकारी होता ना!

काचांनी हवालदाराचीही मूठ फाटली. तो शिव्या देत ती धुवायला गेला. दारावरच्या शिपायाने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबा सरपटत खुर्चीपर्यंत आले.

"उठा. कॅमेऱ्यात एक काच भरलेली आहे. झाकण काढा, एक श्वास आत, एक बाहेर, लावा. तुम्हाला पाठ झालंय."

"अहो, तुम्हाला बसवतं तरी का?"

"मी हलणार नाही."

आईने बेड्या घातलेल्या हातांनी झाकण काढलं. समोर रक्ताने भरलेला माणूस मोडक्या बरगडीवर ताठ बसला होता, श्वास रोखून. तिने झाकण लावलं आणि गाडीचा भोंगा वाजला. हवालदार हाताला फडकं गुंडाळत आला तोवर आईला न्यायला माणसं दारात उभी होती. नावं तिच्या पोटातच राहिली.

तिला तुरुंगवास झाला. बाबांचा डोळा गेला. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी कॅमेऱ्यात तशीच राहिलेली ती काच धुतली, फोटो छापला आणि मोठ्या साहेबांपुढे ठेवला. मागच्या रेघा दिसत होत्या, ठाण्याची खुर्ची दिसत होती. माणसाला कुठे मारलंय ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

साहेबांनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. "हललाय," ते म्हणाले. "काही ओळखू येत नाही."

बाबांची नोकरी गेली, हवालदाराला बढती मिळाली. आई सुटली त्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी एका डोळ्याचा माणूस उभा होता, आणि त्याच्या भुवईत काचेचा एक बारीक कण कायमचा राहून गेला होता. "तुझ्या आईच्या फोटोचा उरलेला तुकडा," असं म्हणून ते मला त्यावर बोट ठेवायला लावायचे. आईचा दुसरा फोटो त्यांनी कधी काढला नाही. कॅमेऱ्याजवळ गेले की हात कापायचे.

बाबा गेले, आई उरली. कुणी पाहुणा भिंतीकडे बघून नजर चुकवायला लागला की ती काठी टेकत उठायची, त्याच्या दंडाला धरून त्याला फोटोजवळ न्यायची. "असं लांबून नाही, जवळून बघा. हा केस बघा. हा ओठ बघा. आता सांगा मला, हललाय का माझा माणूस?"

आणि तो "नाही हो, आजी" म्हणेपर्यंत ती त्याचा दंड सोडायची नाही.