धाकटीने शोधलेला ड्राइव्ह

माझी धाकटी जाऊ बोट चालवते. हे वाक्य लोकांना दोनदा सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझं डोकं फिरतं. दिराची नजर गेल्यापासून बोटीचं सुकाणूही तिच्याकडे आणि पान्हेही तिच्याकडेच. खाडीपलीकडच्या सात रुग्णांना डायलिसिससाठी ती इकडच्या इस्पितळात आणते, आठवड्यातून तीनदा. बोटीने अर्धा तास. बसने वळसा घालून आलं तर चार तास.

गेल्या वर्षी बोटीचा स्टर्नड्राइव्ह गेला. इंजिन बोटीच्या पोटात असतं. त्याची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचवणारा, मागच्या फळीवर टांगलेला गिअरचा जाडजूड पाय म्हणजे हा ड्राइव्ह. त्याच्या आतले दात मोडले. आणि बंदर कार्यालयाचा नियम असा, की बोट तीस दिवस बंद राहिली की फेरीचा परवाना रद्द! नियम करणाऱ्याने त्या बसमधून एकदा तरी जायला हवं होतं, सुई टोचून घेतलेल्या हाताने दांडा धरून.

कंपनीचा विक्रेता हसत म्हणाला, "काकू, हे दणकट मॉडेल बंद होऊन पंधरा वर्षं झाली. नवीन बोटच घ्या ना."

"तुझ्या आईचा गुडघा गेला तर नवी आई घेशील का रे?" मी विचारलं. धाकटीने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग जुन्या बोटी मोडणाऱ्यांच्या वखारी पालथ्या घातल्या. जिथे जावं तिथे ड्राइव्ह नवरदेवासारखे रंगवून उभे. धाकटीची रीत एकच: कोणी हात लावायचा नाही. उकिडवं बसायचं आणि तळाचा स्क्रू जरासा सैल करायचा. पाणी अडवणारं रबरी सील फाटलं असेल तर आत शिरलेलं पाणी तेलाखाली बसतं आणि आधी तेच गळतं. एका वखारवाल्याने मुद्दाम पंखा गरागरा फिरवला. "बघा, लोण्यासारखा!" झालं, तेल-पाणी घुसळून एक.

"उद्या येते. तोवर हात लावू नका," धाकटी म्हणाली.

"बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"तुम्ही तो का फिरवलात, तेवढं कळतं."

तेविसाव्या दिवशी एका निवृत्त पाणबुड्याच्या शेडमध्ये, गोणपाटाखाली, हवा तोच सापडला. कळकट, शेवाळलेला. गिअरचं प्रमाण आमच्याच इंजिनाचं. स्क्रू सैल केला तर काळं, दाट तेल. पाण्याचा थेंब नाही. तो म्हातारा ओशाळून सारखा म्हणत होता, "फार घाण आहे हो." धाकटी मात्र खुलली होती. "उद्या टेम्पो घेऊन येते, काका."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर ड्राइव्ह पांढराशुभ्र! घासलेला, रंगवलेला, आत ताजं तेल.

"तुम्ही नेणार, म्हटलं जरा नीटनेटका करून द्यावा," म्हातारा म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. आता तेलावरून काही कळायची सोय उरली नव्हती. काल पाहिलेला तो हाच, की दुसराच कुठला रंगवून पुढे केला? मी तोंड सोडलं. धाकटीने टेम्पोतून हवेचा पंप आणि दाब दाखवणारी काट्याची तबकडी आणली. वरून नळीने तेल उपसायचं आणि आत हवा भरायची. काटा जागचा हलला नाही तर सील शाबूत.

"माझ्यावर विश्वास नाही?" म्हातारा दुखावला.

"तुमच्यावर आहे, काका. सीलवर नाही."

काटा हळूहळू उतरू लागला. "भामटा!" मी ओरडले. धाकटी मात्र ब्रशने साबणाचं पाणी फासत बसली. बुडबुडे आले ते फक्त तळाच्या स्क्रूपाशी. म्हाताऱ्याने तेल नवं भरलं होतं आणि वॉशर तोच, चेपलेला, परत बसवला होता. डबीतून दुसरा वॉशर काढून तिने लावला. दुपारभर काटा ढिम्म हलला नाही. मला माफी मागावी लागली, आणि ते मला अजिबात जमत नाही.

ड्राइव्ह बसवायला चार दिवस लागले. एकोणतिसाव्या दिवशी तपासनीस आला. "जुना माल. विक्रेत्याचं पत्र आणा." ज्याने ड्राइव्ह मिळणारच नाही म्हणून सांगितलं, त्याचं पत्र!

"साहेब, बसा," धाकटी म्हणाली. ओहोटीच्या उलट्या धारेत, पूर्ण वेगाने, तिने त्याला पलीकडे नेऊन आणलं. भिजलेल्या शर्टाने त्याने सही केली. पण 'दुरुस्ती करणार' या रकान्यात माझ्या दिराचं नाव लिहिलं. ज्याला समोरचा दरवाजा दिसत नाही त्याचं! ते मी तिथल्या तिथे खोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या धक्क्यावर सातही रुग्ण उभे होते. पहिल्या आजी चढता चढताच कडाडल्या, "महिनाभर त्या बसने हाडं खिळखिळी केलीस आमची!"

माझा पारा चढला. महिनाभर ही बाई तेलात बरबटली, आणि हे ऐकायचं?

"सरका आत, आजी," धाकटी म्हणाली, "अजून सहाजण चढायचेत."