दुसऱ्या फेरीतली मतं

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष वस्तीवस्तीतून आलेले प्रतिनिधी निवडतात. ही पद्धत मी आणली. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कसा ठरतो ते मी हौसेने वाचलं होतं. आधी प्रत्येक भागाने आपला कौल द्यायचा. पहिल्या फेरीत प्रतिनिधींनी त्या कौलाप्रमाणेच मत द्यायचं. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर दुसऱ्या फेरीत ज्याने त्याने मनाप्रमाणे. इतकी वर्षं चिटणीस म्हणून सतरंज्या उचलल्यावर अध्यक्षपद मला हवं होतं, फार हवं होतं. लपवण्यात काय अर्थ?

समोर दोघं होते. सलवा वस्तीतल्या एक डॉक्टरीणबाई, आणि तो. तो बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर, माझ्यासारखाच पुण्याचा, पण परवापरवा आलेला. आयत्या बिळावर नागोबा! आणि तरी लोक त्याला पाहिलं की खुलायचे. मला पाहून कधी कुणी खुललेलं आठवत नाही. माझी बायकोसुद्धा म्हणायची, "किती लाघवी आहे नाही?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण गणित माझ्या बाजूने होतं. सलवा बाईंचं, मंगाफ त्याचं, मिरकाब माझं. मिरकाबच्या जुन्या इमारतींत कोकणातले सुतार, प्लंबर, एसीवाले खोल्या करून राहतात, बायकापोरं गावी. दर सणाला त्यांना पुरणपोळ्यांचा डबा मीच पोचवायचो. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडला की फोन मलाच. बाई तिसऱ्या येऊन माघार घेतील, त्यांची मतं आम्हा दोघांत वाटली जातील आणि मिरकाबच्या जोरावर मी निवडून येईन, असा माझा हिशेब होता.

पहिल्या फेरीत तंतोतंत तसंच झालं. मी पुढे, पण निम्म्याला थोडा कमी. बाईंनी माघार घेतली. मग दुसरी फेरी, हात वर करून, तोही माझाच आग्रह. सलवाची मतं वाटली गेली. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मिरकाबचे सगळे हात वर गेले.

मी हसून त्याचं अभिनंदन केलं. हसताना गाल दुखले.

मिरकाबच्या प्रतिनिधींत एक वयस्क प्लंबर होता. त्याला मी जिन्यात गाठलं. "माझ्याकडून काय कमी पडलं?"

"कमी काय नाय. पयल्या फेरीत तुमकाच मत दिलां. सबूद पाळलो."

"मग नंतर?"

तो जरा घुटमळला. "तो येता आमच्या खोलयेर. भूक लागली, म्हणता. आमच्यात बसान जेवता, वर आणखी मागून घेता. तुमी कधी जेवूक येवक नाय."

खरं होतं. डबा दारात द्यायचा आणि गाडी भलतीकडे लावली आहे म्हणून परत फिरायचं, ही माझी रीत. पण त्या गृहस्थाने फुकटचं जेवून मतं मिळवावीत? माझ्या पुरणपोळ्या काय वाया गेल्या?

"पुढच्या शुक्रवारी येतो जेवायला," मी म्हणालो. तो खूश झाला.

मी खरंच गेलो. खोलीत बांगड्याच्या तिखल्याचा वास भरला होता. एका कॉटवर माझ्यासाठी धुतलेली चादर अंथरली होती. खालच्या बाकाल्यातून, किराणा दुकानातून, नवा चमचाही आणला होता. बाकी सगळे खाली, वर्तमानपत्रं पसरून बसले.

"तो आला की कुठे बसतो?" मी विचारलं.

"तो? तो खाली बसता, आमच्यावांगडा."

मी उठायला लागलो, तशी सगळ्यांची धांदल उडाली. प्लंबरने माझा हात धरला. "नाय सायब, तुमी वरच बसा."

मी वर बसून जेवलो. भूक नसताना भात पुन्हा मागितला. त्यांनी लगबगीने वाढला, आणि मी ताट संपवेपर्यंत कुणी आपल्या घासाला हात लावला नाही.