आईसाठी साठवलेली रजा मी ब्राइटच्या पानांवर उधळली

टार्निटकरांनो, हॅरिस पार्कच्या भाडेकरूंनो, स्प्रिंगफील्ड लेक्सच्या तळ्याकाठी मास्क हनुवटीवर ओढून फेऱ्या मारणाऱ्या, ऑस्ट्रेलियातल्या समस्त मराठी मंडळींनो! आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे आणि गेलं वर्षभर आपण ते झूमवर एकमेकांना ऐकवतो आहोत. विमानं बंद आहेत. घरी जाता येत नाही. पे-स्लिपवर रजेचे तास मात्र वाढतच चालले आहेत.

यातलं अर्धं दुखणं साथीने दिलं. उरलेलं अर्धं आपण स्वतःच ओढवून घेतलंय, आणि ते मी आज बोलणार आहे. राग आला तर खाली कॉमेंट्स उघड्या आहेत.

अकरा वर्षं मी या देशात राहते. काय पाहिलं? ग्रेट ओशन रोड तीनदा: एकदा आईबरोबर, एकदा सासू-सासऱ्यांबरोबर, एकदा नणंदेबरोबर. फिलिप आयलंडचे पेंग्विन आता मला नावाने हाक मारतील. प्रत्येक वेळी सात सीटची गाडी, मागे पुऱ्यांचा डबा आणि त्याच रात्री परत घरी. बाकी रजा? ती भारतासाठी राखलेली. आजारी असलो तरी लॅपटॉप उघडू, पण रजा मोडणार नाही! म्हणजे आपण या देशात राहतच नाही, दोन भारतभेटींच्या मधल्या वेळात इथे नुसते थांबलेले असतो.

माझी आई साताऱ्यात एकटी राहते. दर रविवारी फोनवर तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "किती साठली?"

"साडेसहा आठवडे."

"वा! मग या खेपेला दीड महिना राहशील."

आता कळलं ना अडचण काय होती? ती रजा माझी नव्हतीच. त्यातला एक दिवस जरी वापरला, तरी तो आईच्या दीड महिन्यातून कापला जाणार होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, यंदा मी येत नाही हे मी कबूल केल्यासारखं होणार होतं.

मार्चअखेर माझी मॅनेजर म्हणाली, "जूनच्या आत थोडी तरी रजा घे. प्रोजेक्टचं बघतो आम्ही, नो वरीज." मी एप्रिलमधल्या एका आठवड्याचे पाच दिवस घेतले. शाळा सुटीनंतर उघडल्या की मगच जायचं ठरवलं, कारण सुटीत डोंगरातल्या ब्राइट गावी हॉस्टेलात पलंग मिळत नाही आणि मिळाला तर दुप्पट भावाने. एकटीने जायचं, गाडीशिवाय, पाठीवर मावेल तेवढ्या सामानात. नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं. आईला नाही.

कॉलेजात असताना भरलेल्या सभागृहांत मी विरोधकांची तोंडं बंद केली आहेत. इथल्या मंडळाच्या व्यासपीठावरून अध्यक्षांना खडे बोल सुनावले आहेत. पण "आई, मी रजा घेतली" हे चार शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी सांगितलं, "या आठवड्यात ऑफिसात जावं लागणार आहे. दुपारी फोन घेता येणार नाही."

सोमवारी सकाळी निघताना नवऱ्याने, निखिलने, माझी सॅक उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"यात काय आहे?"

"कपडे. मेतकूट. थोडे तांदूळ, मुगाची डाळ. आणि छोटा कुकर."

"कुकर? तू हायकिंगला चालली आहेस की सवाष्ण जेवू घालायला?"

"हॉस्टेलात खिचडी कशात करू?"

"पातेल्यात. सगळं जग पातेल्यात करतं."

नऊ वर्षांची इरा पायऱ्यांवर बसून टोस्ट खात होती. "मम्मा, आर यू रनिंग अवे?"

"फक्त शुक्रवारपर्यंत," मी म्हटलं.

टार्निट ते शहरातलं सदर्न क्रॉस स्टेशन प्रवासाच्या मायकी कार्डावर, रोजच्याच ट्रेनने. तिथून पुढे वांगारॅटाचं तिकीट. माझी फेरी ट्रेनऐवजी बसची निघाली, पण तिकीट तेच आणि वेळही फार वाढत नाही. ब्राइटपर्यंत एका बाजूचे चाळीस डॉलरच्या आसपास धरा. जागा आधी राखून ठेवा, मास्क लावलेला असू द्या, आणि बाटली भरून घ्या. ह्यूम फ्रीवे कंटाळवाणा आहे, हे खोटं सांगणार नाही. सपाट, पिवळट, मैलोनमैल मेंढ्या. पण गाडी चालवायची नसली की कंटाळासुद्धा चैनीचा वाटतो! अकरा वर्षांत मी पहिल्यांदा कुठल्याही रस्त्याची डावी बाजू नीट पाहिली.

वांगारॅटाला दुसरी बस. पांढऱ्या मिशांच्या ड्रायव्हरने माझी सॅक बसच्या पोटात टाकताना कण्हत विचारलं, "काय भरलंयस यात, मेट? मृतदेह?"

"प्रेशर कुकर."

त्याने क्षणभर विचार केला. "राइटो," म्हणाला आणि दार लावून टाकलं.

मर्टलफर्ड सोडलं की डोंगर जवळ येतात आणि ब्राइट लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं इतकी पिवळी, इतकी तांबडी, की मी बसमधून उतरून सॅक न उचलताच उभी राहिले. आपल्याकडे पानगळ म्हणजे उदास गोष्ट. इथे ती एप्रिलमध्ये येते आणि झाडं जाता जाता सगळे दागिने घालून बसतात. ड्रायव्हरला हॉर्न वाजवून सॅकची आठवण करून द्यावी लागली.

हॉस्टेलच्या दारावर क्यूआर कोड, आत सॅनिटायझर, आणि स्वयंपाकघरात एका वेळी चौघेच. पलंगाचे रात्रीला चाळीस डॉलर. पर्यटक जवळजवळ नव्हतेच. होते ते अडकलेले लोक. पिलार ही चिलीची मुलगी, वर्षभरासाठी आली होती. सीमा बंद झाल्या आणि राहूनच गेली. सफरचंदांच्या बागेत तोडणीला जायची. ती टेबलाशी मोजे रफू करत बसलेली असताना माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली. पिलार मोज्यासकट अंगणात! तिच्यामागे दोन आयरिश पोरं!

"बाहेर ये!" ती खिडकीतून ओरडली. "ते फुटणार आहे!"

"अजून दोन व्हायच्या आहेत," मी म्हटलं.

तिघं काचेला नाक लावून पुढच्या दोन शिट्ट्या मोजत राहिले. मग खिचडी, वर मेतकूट आणि तूप. आयरिश पोरांनी दोनदा घेतली. पिलारने भांडं पुसताना विचारलं, "हे तुझ्या आईने शिकवलं?"

"हो. तुझी आई?"

"रोज फोन करते. मी सगळं दाखवते तिला. सफरचंदं, चिखल, माझा फाटका बूट. ती म्हणते, तुझ्या खिशात बसून ऑस्ट्रेलिया बघते आहे." मग सहज विचारलं, "तू काय दाखवतेस?"

मी म्हटलं, माझ्या आईला वाटतं मी ऑफिसात आहे. पिलार हसली नाही. भांडं जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "बिचारी ऑफिस बघत बसली असेल."

मंगळवारी मी जुन्या रेल्वेमार्गावरून पोरपंकाला चालत गेले. रूळ काढून टाकून तिथे सायकली आणि पादचाऱ्यांसाठी सपाट डांबरी वाट केली आहे. सहा-सात किलोमीटर, चढ नाही, आणि पैसा लागत नाही. शेजारी ओव्हन्स नदी गोट्यांवरून खळखळत असते. मी मोठ्याने गाणी म्हटली. ऐकायला दोन गाई होत्या. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की माझ्या चालीने चालणं म्हणजे काय. कुणाची चप्पल तुटत नव्हती, कुणाला चहा हवा नव्हता, कुणाला शू लागली नव्हती!

फोन छातीवर, सॅकच्या पट्ट्याला अडकवला होता. अडीचच्या सुमारास वाजला. कुणाचा आहे ते बघायला मी तो वळवला आणि अंगठा लागून व्हिडिओ कॉल सुरू झाला.

"हे काय?" आईचा आवाज आला. "ऑफिसात झाडं कधीपासून?"

मी उभी राहिले. सगळी भाषणं, सगळे मुद्दे, सगळे दाखले कुठल्या कुठे गेले.

"आई, मी ब्राइटला आले आहे. डोंगरात."

"एकटी?"

"एकटी."

"कुकर नेलास का?"

"नेलाय."

"मग ठीक. रजा काढलीस?"

"पाच दिवस."

मागे साताऱ्याच्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. हल्ली प्रत्येक फोनमध्ये तो आवाज असतो. तिच्या इमारतीसमोरच्या बागेला कुलूप होतं, सकाळचं फिरणं बंद, खाली उतरणं फक्त दुधासाठी. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "फोन जरा वर कर. ते तांबडं झाड कसलं आहे?"

मला नाव माहीत नव्हतं. "थांब," ती म्हणाली, "प्रधानबाईंना दाखवते." आणि दार उघडल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून रोज आमच्या अडीच वाजता, साताऱ्याच्या दहा वाजता, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तीन म्हाताऱ्या आपापल्या दाराशी मास्क लावून खुर्च्या टाकून बसायच्या आणि आईच्या हातातला फोन ऑस्ट्रेलियात फिरायचा. आई, समोरच्या प्रधानबाई आणि शेजारच्या जोगकाकू. मार्गदर्शक मी, पण माझं कोण ऐकतंय!

"एवढी पानं झाडतं कोण गं?" प्रधानबाई.

"कुणीच नाही. लोक बघायला येतात."

"कचरा बघायला तिकीट काढून येतात!" जोगकाकू. "आमच्या सोसायटीत या म्हणावं."

बुधवारी वँडिलिगाँगला गेलो. गेलो म्हणजे आम्ही चौघी. ब्राइटहून पायवाटेने सहा किलोमीटर. वाटेत फाटकाशी फळी, फळीवर सफरचंदांच्या पिशव्या, शेजारी पैशांची पेटी, आणि विकणारं कुणीच नाही. मी नाणी टाकली.

"आणि पेटी कोणी उचलून नेत नाही?" प्रधानबाईंचा आवाज चढला.

"नाही."

"दोनदा मोजलीस ना सफरचंदं?" आई.

संध्याकाळी कामावरून आलेल्या पिलारला मी ती सफरचंदं दाखवली. तिने एक उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "हे मी तोडलेलं आहे." दुसऱ्या दिवशी मी हे जिन्यात सांगितलं, तर तिघींनी तिला आशीर्वाद पाठवले आणि जोगकाकूंनी लग्नाचं विचारलं.

हसत होते मी, पण रजेचा विषय तसाच होता. आईने तो पुन्हा काढला नव्हता, आणि तिचं न बोलणं मला मोठ्या भांडणापेक्षा जड जात होतं.

गुरुवारी दौरा संपला. बाकीच्या दोघी आत गेल्या, आईने फोन ठेवला नाही. मी नदीकाठी, पाय पाण्यात. पाणी असं गार की बोटं बधिर झाली.

"आई, रागावलीस का? तुझ्या दीड महिन्यातला आठवडा गेला."

"मीही तुला एक सांगितलेलं नाही," ती म्हणाली आणि उठून चालायला लागली. फोनमध्ये फरशी, मग माझ्या खोलीचं दार, मग खोली. माझा पलंग भिंतीला उभा टेकवलेला होता. त्याच्या जागी शिलाईचं मशीन, आजूबाजूला कापडाचे तुकडे, दोरीवर वाळत घातलेले मास्क.

"दिवाळीनंतरच हलवलं सगळं. खिडकीशी उजेड चांगला येतो. आजवर सगळ्या इमारतीला मास्क शिवून दिले. तुला दाखवलं नाही. म्हटलं, तुला वाटेल आईने वाट बघणं सोडलं."

"मग दर रविवारी रजा का विचारायचीस?"

"तू किती हौसेने आकडा सांगायचीस! मला वाटायचं, तेवढाच तुला आधार."

आम्ही दोघी वर्षभर एकमेकींसाठी ती रजा सांभाळत होतो. खरं सांगते, मी रडले. आणि मग हसू आवरेना, कारण पाण्यातून एक बदक येऊन काठावर काढून ठेवलेल्या माझ्या बुटाची नाडी ओढत होतं आणि आई ओरडत होती, "बूट बघ, बूट!"

फोन ठेवताना ती म्हणाली, "विमान सुरू झालं की ये. पलंग आडवा करायला कितीसा वेळ लागतो?"

शुक्रवारी परतले. कुकर पिलारला दिला. तिला आता शिट्टीची भीती वाटत नाही. सॅक इतकी हलकी झाली की तोच मिशीवाला ड्रायव्हर उचलताना म्हणाला, "मेट, मृतदेह कुठे गेला?" टार्निटला निखिल आणि इरा प्लॅटफॉर्मवर उभे होते. इराने सफरचंदांची पिशवी घेतली आणि विचारलं, "नेक्स्ट टाइम मी येऊ?"

आता दोन आठवडे झाले. विमानांची बातमी सुधारायच्या ऐवजी बिघडली आहे. आईची पहिली लस झाली आहे, जिन्यातल्या खुर्च्या अजून तिथेच आहेत. पायाचे फोड बरे झाले. राहिली ती माझी चाल, जी मला पोरपंकाच्या वाटेवर सापडली, आणि आईचा नवा प्रश्न. परवाच्या रविवारी तिने किती साठली असं विचारलं नाही. "किती उरली?" म्हणाली, आणि मागून जोगकाकू ओरडल्या, "या वेळी समुद्र दाखव म्हणावं!"

मंडळी, तुमच्याही घरी कुणीतरी दर आठवड्याला तुमची रजा मोजतं आहे, आणि कदाचित तिथलाही पलंग केव्हाच भिंतीला उभा केलेला आहे. सीमा उघडणं तुमच्या हातात नाही, अर्ज तुमच्या हातात आहे. म्हणून हे पान बंद करण्याआधी ऑफिसचं पोर्टल उघडा आणि पाच दिवसांच्या रजेचा अर्ज भरा. आत्ता!